रुग्णसेवेतील अनेक हात : सहवैद्यकीय व्यवसायांचे शिक्षण आणि संधी



आजच्या व्याख्यानासाठी मला दिलेला विषय वरवर पाहता व्यवसाय-मार्गदर्शनाचा आहे. विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना आरोग्यसेवेच्या क्षेत्रात वैद्यकीय पदवीखेरीज कोणते मार्ग खुले आहेत, त्यांसाठी कोणते शिक्षण घ्यावे लागते आणि ते पुरे झाल्यावर पुढे काय, या प्रश्नांची उत्तरे मी द्यावीत अशी अपेक्षा आहे. ती मी यथाशक्ती पुरी करीन. परंतु नोकरीचा विचार करण्याआधी कामाचा विचार करावा, असे माझे मत आहे. ज्या कामाचे स्वरूपच आपल्याला ठाऊक नाही, ते केवळ जाहिरातीतील नावावरून पत्करणे म्हणजे पत्ता न विचारता प्रवासाला निघण्यासारखे होय.

आपल्या समाजात आरोग्यसेवा म्हटली की डॉक्टर आणि परिचारिका एवढीच माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. बाकीचे सारे जणू त्यांच्या आज्ञेने इकडेतिकडे धावणारे मदतनीस. या समजुतीमुळे दोन प्रकारची हानी होते. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश न मिळालेला विद्यार्थी या व्यवसायांकडे नाइलाजाने, पराभूत मनाने वळतो. आणि ज्यांच्या कौशल्यावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो, त्या माणसांचे शिक्षण कसे झाले आहे, याची चौकशी करण्याचे रुग्णाला सुचतही नाही. दुसरी हानी पहिलीहून मोठी आहे.

एका रुग्णाभोवतीची माणसे

आपण एक साधे उदाहरण घेऊ. सत्तर वर्षांची एक वृद्धा न्हाणीघरात पाय घसरून पडते आणि तिच्या खुब्याचे हाड मोडते. असे अपघात आपल्या प्रत्येकाच्या परिचयाच्या घरात घडलेले असतील. तिला रुग्णालयात नेले जाते. तेथे सर्वप्रथम क्ष-किरण तंत्रज्ञ तिचे चित्र घेतो. वेदनेने विव्हळणाऱ्या माणसाचा मोडलेला पाय न दुखवता, पण हाडाची नेमकी जागा दिसेल अशा कोनात ठेवणे ही कला आहे. चित्र बिघडले तर ते पुन्हा घ्यावे लागते आणि किरणांचा दुसरा मारा तिला विनाकारण सोसावा लागतो. मग प्रयोगशाळेत तिच्या रक्ताची तपासणी होते. रक्तपेढीतील तंत्रज्ञ तिचा रक्तगट ठरवतो आणि द्यावयाचे रक्त तिच्या रक्ताशी जुळते किंवा नाही हे पडताळून पाहतो. शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञाने भूल देण्याचे यंत्र, प्राणवायूचा पुरवठा आणि निर्जंतुक केलेली हत्यारे पहाटेच तपासून ठेवलेली असतात.

त्यानंतर शल्यचिकित्सक आपले काम करतो. ते तास-दोन तासांत आटोपते. ते अवघड असते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या वृद्धेची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होते. ती अंथरुणावर पडून राहिली तर फुप्फुसांत संसर्ग होतो, पाठीला जखमा होतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञ तिला उठवून बसवतो, आधार देऊन उभी करतो. आहारतज्ज्ञ तिच्या मधुमेहाचा आणि दातांचा विचार करून जेवण ठरवतो. घरी जाण्यापूर्वी व्यवसायोपचारतज्ज्ञ तिला खुर्चीत बसण्याची, कपडे घालण्याची सुरक्षित पद्धत शिकवतो आणि न्हाणीघरात पकडदांडी कोठे बसवावी हे मुलाला समजावून सांगतो. यांपैकी एकाचेही काम कच्चे राहिले, तर उत्तम शस्त्रक्रिया होऊनही ती बाई पुन्हा आपल्या पायांनी देवघरापर्यंत जाईल याचा भरवसा देता येत नाही.

या सर्व माणसांना पूर्वी ‘निमवैद्यकीय कर्मचारी’ म्हणत असत. सरकारी कागदपत्रांतून तो शब्द अजूनही गेलेला नाही. ‘निम’ म्हणजे अर्धा. ‘निम हकीम’ या शब्दात जी तुच्छता आहे, तिचीच छाया या नावावर पडलेली आहे. वास्तविक प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हा अर्धा डॉक्टर नव्हे. तो आपल्या विद्येत पूर्ण आहे. म्हणून ‘सहवैद्यकीय’ हा शब्द मला अधिक न्याय्य वाटतो. वैद्यकाच्या सोबतीने, परंतु स्वतःच्या ज्ञानाच्या बळावर चालणारे, असा त्याचा अर्थ आहे.

थोडा इतिहास

भारताच्या आरोग्यव्यवस्थेचे पहिले सर्वांगीण चित्र सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रेखाटले. तिची नेमणूक १९४३ साली झाली आणि अहवाल १९४६ साली सादर झाला. त्या अहवालातील आकडे आजही वाचण्याजोगे आहेत. त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता. परिचारिका ४३,००० लोकांमागे एक होती. आणि घरोघर जाऊन मातांची व अर्भकांची काळजी घेणारी आरोग्य-अभ्यागता चार लाखांमागे एक. शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेले औषधनिर्माते तर सगळ्या देशात अवघे ७५ होते. या आकड्यांतील परस्परप्रमाण नीट पाहावे. डॉक्टर थोडे होतेच, पण डॉक्टरच्या कामाला पूर्णत्व देणारी माणसे जवळजवळ नव्हतीच.

स्वातंत्र्यानंतर काही व्यवसायांना लवकर कायद्याचा आधार मिळाला. परिचर्येसाठी १९४७ साली आणि औषधनिर्माणासाठी १९४८ साली स्वतंत्र कायदे झाले. इतरांना मात्र संस्थांच्या आणि काही निष्ठावान व्यक्तींच्या आधाराने वाटचाल करावी लागली. व्यवसायोपचाराचे उदाहरण यासाठी घेण्यासारखे आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि विवाहानंतर भारताला आपला देश मानलेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली या विषयाचे शिक्षण देणारे विद्यालय सुरू झाले. पुढे दोनच वर्षांनी, १९५२ साली, व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्य-राष्ट्रांत भारताचा समावेश झाला. याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईत भौतिकोपचाराचे विद्यालयही निघाले. त्या काळी पोलिओने अधू झालेली मुले रुग्णालयांच्या दारांशी येत होती, आणि त्यांना चालवणारी माणसे देशात तयार करणे भाग होते.

पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र त्याही आधीचे. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी ते १९४४ साली स्थापन झाले. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ सालची, तर मुंबईची श्रवणविकलांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ सालची. या सनावळीवरून एक गोष्ट ध्यानात येते. यांतील प्रत्येक व्यवसाय कोणत्या तरी दुःखाच्या गरजेतून जन्मला आहे. युद्ध, साथ, बहिरेपण, अंधत्व. आधी प्रश्न आला आणि मग त्याला उत्तर देणारी माणसे घडवावी लागली.

प्रयोगशाळेतील डोळा

आता काही व्यवसायांची जवळून ओळख करून घेऊ. प्रथम प्रयोगशाळा, कारण तेथील काम रुग्णाच्या दृष्टीआड चालते.

क्षयरोगाच्या निदानासाठी बेडक्याची तपासणी करतात. ऐकण्यास हे सोपे वाटते. पण पहिली अडचण नमुना घेतानाच येते. रुग्णाला ‘थुंकी द्या’ असे सांगितले तर तो तोंडातली लाळ देतो, आणि लाळेत क्षयाचे जंतू सापडत नाहीत. छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, हे तंत्रज्ञाने त्याला न संकोचता समजावून सांगावे लागते. मग काचपट्टीवर त्याचा पातळ थर द्यावयाचा, तो वाळवून ज्योतीवर पक्का करावयाचा, त्यावर तांबडा रंग ओतून वाफा येईपर्यंत, पण उकळू न देता, तापवावयाचा. नंतर आम्लाने तो रंग धुऊन काढावयाचा. इतर सर्व पेशींचा रंग जातो. क्षयजंतू मात्र आपल्या मेणचट आवरणामुळे तो सोडत नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्यांसारखे जंतू दिसतात.

ते दिसतात, पण पाहणाऱ्याला. एक मिलिलिटर बेडक्यात सुमारे दहा हजार जंतू असतील तेव्हा कोठे ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडण्याची शक्यता असते. म्हणून ‘जंतू नाहीत’ असा निर्वाळा देण्यापूर्वी काचपट्टीवरील किमान शंभर दृष्टिक्षेत्रे तपासावीत, असा नियम आहे. दिवसभर काम करून थकलेल्या तंत्रज्ञाने शंभराऐवजी वीसच क्षेत्रे पाहिली, तर ते कोणाला कळणार? अहवालावर तीच अक्षरे उमटतील. रुग्ण समाधानाने घरी जाईल आणि लेकरांच्या शेजारी झोपून खोकत राहील. या व्यवसायात प्रामाणिकपणा हा केवळ सद्गुण नसून तंत्राचाच एक भाग आहे, तो असा.

आता रेणूंच्या पातळीवर तपासणी करणारी यंत्रे आली आहेत आणि ती दोन तासांच्या आत उत्तर देतात. पण त्यांतही लाळ घातली तर उत्तर लाळेचेच मिळते. २०२० सालच्या करोना साथीत नाकातील व घशातील स्राव घेणारे आणि रात्रंदिवस यंत्रांपुढे बसलेले तंत्रज्ञ देशाने प्रथमच वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पाहिले. यंत्र बदलले तरी माणसाची सावधगिरी कालबाह्य होत नाही, एवढे त्या दिवसांनी दाखवून दिले.

किरण, पाणी आणि यंत्र

क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्यांच्या सहवासात काम करणाऱ्यांना प्रारंभी त्यांच्या घातकतेची कल्पना नव्हती. आज त्यापासून बचावाचे तीन नियम प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवतात : किरणांजवळचा काळ कमी करा, अंतर वाढवा, मध्ये आडोसा ठेवा. अंतर दुप्पट केले की मारा चौथाईवर येतो. तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. त्याने किती किरण सोसले याची नोंद त्यात होते आणि तो ठरावीक काळाने तपासणीसाठी पाठवला जातो. जेथे असे बिल्ले कर्मचाऱ्यांना दिलेले नाहीत, तेथे नोकरी पत्करू नये, असे मी निःशंकपणे सांगेन. क्षेत्र मात्र विस्तृत आहे. साध्या चित्रापासून संगणकीय छेदचित्रे, चुंबकीय प्रतिमा आणि कर्करोगावरील किरणोपचार यांपर्यंत त्याच्या शाखा पसरल्या आहेत, आणि किरणोपचारात तंत्रज्ञाची एखाद्या सेंटिमीटरची चूकही गंभीर ठरू शकते.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त यंत्राने शुद्ध करण्याची पद्धत आता जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचली आहे; २०१६ सालापासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. अशा रुग्णाला सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, डायलिसिस घ्यावे लागते. एका बैठकीत त्याच्या रक्ताच्या शेजारून, केवळ एका पातळ पडद्यापलीकडून, साधारण १२० लिटर पाणी वाहून जाते. आपण आठवडाभरातही जेवढे पाणी पीत नाही, त्याच्या कित्येक पट हे पाणी झाले. त्यात क्लोरीनचा अंश राहिला तर रक्तपेशी फुटतात. म्हणून डायलिसिस तंत्रज्ञाचा दिवस रुग्णाच्या खाटेजवळ सुरू न होता पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राजवळ सुरू होतो. शिवाय हे रुग्ण वर्षानुवर्षे येत राहतात. त्यांच्याशी तंत्रज्ञाचा जो स्नेह जडतो, तो रुग्णालयातील इतर कोणाच्या वाट्याला क्वचितच येत असेल.

हालचाल परत देणारे

वेल्लूरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९४८ च्या सुमारास डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. रोगाने काही स्नायू लुळे पडलेले असत. शाबूत असलेल्या एखाद्या स्नायूची कंडरा सोडवून ती नव्या जागी जोडावयाची आणि त्याच्याकडून निकामी स्नायूचे काम करून घ्यावयाचे, अशी ती युक्ती होती. पण कंडरेची जागा बदलली तरी मेंदूची सवय बदलत नाही. आजवर बोट वाकवणाऱ्या स्नायूला आता ते सरळ करण्यास शिकवावे लागते. ही शिकवणी भौतिकोपचाराने होते, आणि ती आठवडे न् आठवडे चालते. ती झाली नाही तर नवी जोडलेली कंडरा हाताला उपयोगी पडत नाही. ब्रँड यांच्या कार्याची कीर्ती जगभर झाली. पण तिच्यातील अर्धा वाटा, रोज सकाळी रुग्णाचे एकेक बोट धरून ‘आता हे हलवा’ म्हणणाऱ्यांचा आहे.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यामुळे भौतिकोपचाराची गरज संपली काय? उलट ती वाढली. रस्त्यांवरील अपघात, पक्षाघात, वाढलेले आयुर्मान, अतिदक्षता विभागात श्वासासाठी झगडणारे रुग्ण आणि खेळाडूंच्या दुखापती यांमुळे या तज्ज्ञांना रुग्णालयात, क्रीडासंकुलात, वृद्धाश्रमांत आणि लोकांच्या घरीही काम आहे.

कृत्रिम अवयवांच्या क्षेत्रात जयपूरची कथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. परदेशी धर्तीचे कृत्रिम पाऊल बूट घालून खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी बनवलेले होते. आपला शेतकरी अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. साठीच्या दशकाच्या अखेरीस तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी या अस्थिशल्यचिकित्सकाने मिळून रबराचे असे पाऊल घडवले की ज्याने या साऱ्या गोष्टी करता याव्यात. शर्मा यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती. हातात मात्र पिढ्यांची कारागिरी होती. आज हा विषय पदवीपर्यंत शिकवला जातो. शरीररचना आणि यंत्रशास्त्र या दोहोंची आवड असलेल्या विद्यार्थ्याला याहून समाधान देणारे क्षेत्र शोधून सापडणार नाही.

बोलणे, ऐकणे, पाहणे

जन्मतः बहिरे असलेले मूल बहुधा मुके समजले जाते. त्याच्या स्वरयंत्रात काहीच दोष नसतो. शब्द कानी पडले नाहीत म्हणून ते बोलत नाही. भाषा आत्मसात करण्याची मेंदूची शक्ती पहिल्या काही वर्षांतच सर्वांत अधिक असते. म्हणून बहिरेपण पहिल्या वर्षात ओळखले गेले आणि श्रवणयंत्र वा शस्त्रक्रिया यांबरोबर वाचोपचार मिळाले, तर मूल बोलू लागण्याची मोठी शक्यता असते. शाळेत घालण्याच्या वेळी ओळखले गेले तर बरीच वाट चुकलेली असते. या विषयाची पदवी एक वर्षाच्या कार्यानुभवासह चार वर्षांची आहे. एक वैशिष्ट्य ध्यानी घ्यावे : भाषेचे उपचार भाषेतूनच द्यावे लागतात. मराठी मुलाला बोलते करण्यासाठी मराठी उत्तम जाणणारा तज्ज्ञ लागतो. मातृभाषेवरील प्रभुत्व ही व्यावसायिक गुणवत्ता ठरते, असे व्यवसाय फार थोडे आहेत.

डोळ्यांच्या बाबतीत, १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी नेत्रचिकित्सा सहायक तयार करण्यात आले. त्याच वर्षी मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. खेड्यांतील मुली निवडून त्यांना दोन वर्षे शिकवावयाचे आणि दृष्टी तपासण्यापासून शस्त्रक्रियेच्या तयारीपर्यंतची कामे त्यांच्यावर सोपवावयाची, ही तेथील रीत. डॉक्टरने फक्त डॉक्टरनेच करावयाचे काम करावे, हे तिच्यामागील सूत्र. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया इतक्या मोठ्या संख्येने आणि इतक्या अल्प खर्चात होऊ शकतात, याचे एक मोठे कारण या मुली आहेत.

शिक्षणाची वाट

यांतील बहुतेक अभ्यासक्रमांना बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय असावे लागतात. शिक्षणाच्या स्थूलमानाने दोन पायऱ्या आहेत : पदविका, जी प्रामुख्याने तंत्रज्ञ घडवते, आणि पदवी, जिच्यानंतर पदव्युत्तर शिक्षण, अध्यापन व संशोधन यांची दारे उघडतात. भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांच्या पदव्या चार वर्षांहून अधिक काळाच्या असतात, आणि त्यात रुग्णालयातील कार्यानुभवाचा समावेश असतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी पदविका घेऊन नोकरी धरावी आणि पुढे पदवी मिळवावी. मात्र आपल्या पदविकेवरून पदवीच्या वर्गात प्रवेश मिळतो की नाही, हे आरंभीच विचारून ठेवावे.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. अपंग-पुनर्वसनाशी संबंधित व्यवसायांसाठी, म्हणजे वाचा-श्रवण, कृत्रिम अवयव इत्यादींसाठी, १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषद स्थापन झाली आणि तिच्या नोंदवहीत नाव असल्यावाचून हे काम करता येत नाही. उरलेल्या बहुसंख्य व्यवसायांना देशव्यापी कायदा २०२१ साली मिळाला. त्याने या व्यवसायांचे दहा वर्ग पाडले आणि शिक्षणाची किमान मर्यादा आखून दिली. सहवैद्यकीय व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत मिळून किमान २,००० तास, आणि पदवीधर आरोग्य व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास. राज्यांच्या परिषदा स्थापन होण्यास विलंब झाला आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी मुदत घालून द्यावी लागली. परंतु मर्यादा आखली गेली, ही मोठीच गोष्ट आहे.

तिचा उपयोग सामान्य पालकही करू शकतो. दिवसाला सहा तास धरले तर २,००० तासांना ३३३ कामाचे दिवस लागतात. आता कोपऱ्यावरच्या इमारतीतील एखादी संस्था ‘सहा महिन्यांत तंत्रज्ञ व्हा, नोकरीची हमी’ असा फलक लावीत असेल, तर तिचे उत्तर या साध्या गणितानेच मिळते. तेथून बाहेर पडलेल्या मुलाचे वर्ष जाते, आईने गहाण टाकलेले दागिने जातात, आणि पुढे त्याच्या हाती नमुने देणाऱ्या रुग्णाचे काय जाते, ते मघाशी सांगितलेच आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात. संस्थेची मान्यता संस्थेच्या माहितीपत्रकावरून न पाहता विद्यापीठाच्या वा परिषदेच्या यादीवरून पाहावी. संस्थेला रुग्णालय जोडलेले आहे काय आणि तेथे प्रत्यक्षात रुग्ण येतात काय, हे एका सकाळी स्वतः जाऊन पाहावे. त्या व्यवसायाचे शिक्षण घेतलेले शिक्षक शिकवतात की कोणीही, हे विचारावे. उत्तीर्ण झाल्यावर नावाची नोंदणी कोठे होते, याची खात्री करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना एकांतात गाठून विचारावे, ‘तुम्ही स्वतःच्या हातांनी काय काय केले?’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून बाकीच्या चारांची उत्तरे बहुधा मिळून जातात.

संधी आणि अडचणी

नोकऱ्या कोठे आहेत? राज्यांची आरोग्य खाती, महानगरपालिका, रेल्वे, सैन्यदले, कामगार विमा योजनेची रुग्णालये यांत या पदांची भरती होते. खाजगी रुग्णालये, निदान केंद्रे आणि रक्तपेढ्या यांत जागा अधिक आहेत. भौतिकोपचार, वाचोपचार, दृष्टिमापन यांत स्वतंत्र व्यवसायही करता येतो.

पण अडचणी झाकून ठेवणे हा विद्यार्थ्यांशी केलेला अप्रामाणिकपणा होईल. खाजगी क्षेत्रात आरंभीचे वेतन पुष्कळदा तुटपुंजे असते. सरकारी सेवेतही कंत्राटी नेमणुका वाढल्या आहेत. एकाच पदावर माणूस वीस-वीस वर्षे राहतो, कारण बढतीची शिडीच आखलेली नसते. रात्रपाळ्या असतात, संसर्गाचे भय असते. ज्याच्या अहवालावर विसंबून उपचार ठरतात, त्याचे नावही रुग्णाला ठाऊक नसते. हे बदलले पाहिजे आणि ते बदलण्याचे उत्तरदायित्व शासनावर, रुग्णालयांच्या चालकांवर आणि या व्यावसायिकांच्या संघटनांवर आहे. नोंदणी सक्तीची झाली की अशिक्षितांची स्पर्धा घटते आणि शिक्षितांचे मोल वाढते. म्हणून या कायद्याची अंमलबजावणी हा विषय रुग्णाच्या जितक्या हिताचा, तितकाच तंत्रज्ञाच्याही हिताचा आहे.

मग या मार्गाने कोणी जावे? ज्याला तेच काम शंभराव्या वेळीही पहिल्या वेळेइतक्याच काळजीने करता येते, त्याने प्रयोगशाळेकडे जावे. ज्याला यंत्र उघडून पाहण्याची ओढ आहे आणि माणसांचाही कंटाळा नाही, त्याने किरणचिकित्सा, डायलिसिस वा कृत्रिम अवयव यांचा विचार करावा. ज्याच्या ठायी धीर आहे, दुसऱ्याच्या इंचभर प्रगतीने ज्याला आनंद होतो, त्याने भौतिकोपचार, व्यवसायोपचार वा वाचोपचार निवडावा. केवळ पांढऱ्या डगल्याची हौस असेल, तर मात्र यांपैकी कोठेही जाऊ नये.

निर्णय घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या रुग्णालयात, तेथील प्रमुखांची रीतसर परवानगी घेऊन, एक दिवस घालवावा. प्रयोगशाळेच्या खिडकीशी, क्ष-किरण विभागाच्या दाराशी, भौतिकोपचाराच्या खोलीत थोडा थोडा वेळ थांबावे आणि तेथे काम करणाऱ्यांना त्यांच्या कामाविषयी विचारावे. ती माणसे मोकळेपणाने बोलतील. त्यांना हा प्रश्न फारसा कोणी विचारलेलाच नसतो. आणि पालकांना माझी विनंती एवढीच की संध्याकाळी मूल घरी परतल्यावर ‘पगार किती’ हे विचारण्याआधी ‘काय पाहिलेस’ हे विचारावे. पगाराचा प्रश्न गौण नाही. पण तो दुसरा आहे.